गरज नाही म्हणणारं घर

रायपूरमध्ये आज तिशी-चाळिशीची जी माणसं ठणठणीत हिंडताना दिसतात, त्यांतली निदान निम्मी माझ्या मावससासूबाईंमुळे ढसाढसा रडलेली आहेत. यात अतिशयोक्ती असलीच तर ती मावशींना मान्य नाही, कारण त्यांच्या मते रडलेल्यांची संख्या याहून बरीच मोठी आहे. मावशी सरकारी आरोग्य खात्यात नर्सदीदी होत्या. लहान मुलांना लस टोचणं हे त्यांचं काम, आणि ते त्यांनी इतकं मन लावून केलं की निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी त्यांच्या बूढापारा मोहल्ल्यात त्या समोरून आल्या की मिशा पिळणारे बाप्ये नकळत डाव्या दंडावर हात ठेवतात. एकदा निवडणुकीच्या दिवसांत एक उमेदवार मोठा घोळका घेऊन त्यांच्या दारात हात जोडून उभा राहिला. मावशींनी चष्मा नाकावर चढवला, त्याला खालून वर न्याहाळलं आणि सगळ्या घोळक्यासमोर म्हणाल्या, "तू वोईच है ना, जो सुई देखके खटिया के नीचे घुस गया था? तेरी दादी ने झाड़ू से निकाला था तेरेको." तो माणूस पुढे निवडणुकीत पडला. मतांचा आणि आपला काही संबंध नाही, असं मावशी अजून सांगतात, पण सांगताना त्यांचा चेहरा खुललेला असतो.

माझं लग्न जमत होतं तेव्हा मुलीकडच्या बाकीच्यांनी रीतसर पत्रिका, पगार, गोत्र वगैरे पाहिलं. मावशींनी माझा दंड पाहिला. मी मूळचा नाशिकचा, नव्या रायपूरमध्ये नोकरीसाठी येऊन पडलेला, गावात ओळखीचं कोणी नाही, आणि समोर मुलीकडची खोलीभर माणसं. चहाचा कप माझ्यापुढे ठेवून मावशी सरळ शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बापू, डावी बाही जराशी वर करता का?" मला वाटलं, इकडची काही रीत असेल. परमुलखात लग्नाला उभा राहिलेला माणूस रीतींशी वाद घालत नाही. मी बाही वर केली. लहानपणी टोचलेल्या बीसीजीचा व्रण तिथे असायला हवा होता. होता, पण फिका होता. मावशींनी मला उठवून खिडकीशी नेलं, दंड उजेडात फिरवून पाहिला, अंगठ्यानं चाचपला, आणि मग खोलीकडे वळून निकाल दिला, "आहे. बारीक आहे, पण आहे. टोचणारी कच्ची होती, पोट्ट्यात खोट नाही." माझ्या होऊ घातलेल्या सासऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि पेढ्यांचा डबा बाहेर आला.

त्या दिवसापासून मी मावशींचा जवाईबापू झालो. त्यांच्या थोरल्या बहिणीची मुलगी रश्मी ही माझी बायको. हे घराणं वऱ्हाडातून इकडे येऊन पिढ्या झाल्या. घरातल्या तरुण पोरांना मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं, आणि रश्मीही त्यातलीच. जावयाचा मान मात्र मावशींनी जसा वऱ्हाडातून आला तसाच्या तसा जपून ठेवला आहे. जावयानं पाण्याचा ग्लास आपल्या हातानं घ्यायचा नाही, ताट उचलायचं नाही, ओझं तर मुळीच उचलायचं नाही. एकदा गोल बाजारात त्यांच्या हातातली पिशवी मी घ्यायला गेलो, तर त्यांनी ती अशी मागे ओढली की आतली वांगी रस्ताभर झाली. मी खाली वाकलो तर म्हणाल्या, "लोक काय म्हणतील, बाईचा जवाई वांगे वेचून राहिला." आणि मला एका भांड्यांच्या दुकानात स्टुलावर बसवून त्यांनी सगळी वांगी स्वतः गोळा केली. दुकानदारानं मला पाणी दिलं. मी बसून राहिलो. मावशींनी स्वतः लग्न केलं नाही. का केलं नाही, असं सहसा कोणी विचारत नाही, आणि कोणी विचारलंच तर त्या म्हणतात, "सुट्टीच भेटली नाही बाप्पा."

निवृत्तीच्या समारंभात कचेरीनं त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. मावशींनी घड्याळ परत केलं आणि त्याच्या बदल्यात लशी न्यायचा एक जुना निळा बर्फाचा डबा मागून घेतला. त्या डब्याच्या चारही कडांना आजही बर्फाच्या चपट्या बाटल्या लावलेल्या असतात आणि मध्ये दही, पनीर, मोगऱ्याचा गजरा, जे काय असेल ते. सणावारी त्या आमच्या तेलीबांध्याच्या फ्लॅटवर श्रीखंड घेऊन येतात तेव्हा वाटेत रिक्षावाल्याला झाकणाला हात लावू दिला नाही, हे आधी सांगून होतं. एकदा रश्मीनं डबा ओट्यावर ठेवून झाकण नुसतं तिरकं केलं होतं, तर मावशी म्हणाल्या, "थंडावा तुटला पोट्टी. आता हे श्रीखंड मी माझ्या जबाबदारीवर कोणाले देऊ शकत नाही." ते श्रीखंड आम्ही आमच्या जबाबदारीवर खाल्लं.

पण मावशींची खरी विद्या सुईची नव्हे, दाराची. ज्या घरांतून "हमको ज़रूरत नहीं है" असं उत्तर यायचं, ती त्यांची लाडकी घरं. हो म्हणणाऱ्या घरी काय, कोणीही टोचून येतं, असं त्या तुच्छतेनं सांगतात. नाही म्हणणाऱ्या घराची त्यांची एक पद्धत होती. पहिल्या दिवशी सुईचं नाव काढायचं नाही. फक्त पाणी मागायचं. ज्याच्या घरचं पाणी आपण प्यायलो तो माणूस आपल्याला धड हाकलून देऊ शकत नाही. मग लेकराचं कौतुक करायचं. पुढच्या खेपेला घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईचे गुडघे विचारायचे. त्याच्या पुढच्या खेपेला घरचेच विचारतात, त्या सुईचं काय झालं. नाही म्हणायची कारणंही त्यांना क्रमानं पाठ होती. आधी, लेकरू लहान आहे. मग, आज अमावस्या आहे. मग, घरच्या मोठ्या माणसाला विचारून सांगतो. आणि सगळ्यात शेवटी, आवाज अगदी उतरवून, ताप आला तर पाहणार कोण? "पहिले सगळे वरवरचे बापू," मावशी मला सांगत. "हे शेवटचं खरं. हे तोंडातून निघालं का समजायचं, घर आपलं झालं. मग म्हणायचं, मी येते ना बाई, संध्याकाळी पाहायला." आणि त्या खरोखर जात. आणखी एक नियम होता. लेकराला धरायला त्याचं आपलं माणूस असल्याशिवाय सुई बाहेर काढायची नाही. आई असो, आजी असो, काका असो, पण आपलं. परक्यानं धरलं तर लेकरू सुईपेक्षा त्यालाच जास्त भितं, म्हणे.

तर अशा बाईंना बूढा तालाबाच्या कडेला, एका फुटक्या टोपलीत, एक कुत्र्याचं पिल्लू सापडलं. इकडे छत्तीसगढी घरांतून सणाला खुरमी करतात, गव्हाचं पीठ आणि गूळ मळून तळलेली, तपकिरी, वेडीवाकडी, बोटांचे ठसे उमटलेली. पिल्लू रंगानं आणि आकारानं हुबेहूब तसं होतं, म्हणून त्याचं नाव खुरमी. मला फोन आला तो असा, "बापू, नवीन हितग्राही आली आहे." इकडच्या सरकारी भाषेत योजनेचा लाभ घेणाऱ्याला हितग्राही म्हणतात. मावशींनी आयुष्यभर प्रत्येक बाळाला याच नावानं ओळखलं. बाळाचं खरं नाव त्यांना बारशानंतरही माहीत नसायचं. मी संध्याकाळी गेलो तर खुरमी मावशींच्या जुन्या पांढऱ्या साडीवर झोपली होती आणि मावशी बोटांवर मोजत होत्या. बीसीजी, पोलिओ, गोवर, मेंदूज्वर. मी घाबरत घाबरत म्हणालो, "मावशी, कुत्र्यांच्या लशी वेगळ्या असतात." त्यांनी माझ्याकडे कीव करून पाहिलं. "असतीन ना. त्याही देऊ."

आमच्या घराजवळ, तेलीबांध्याला, एक जनावरांचे डॉक्टर आहेत. तरुण, इकडचेच, छत्तीसगढी, बोलायला गोड, खाली दवाखाना आणि वर घर. कोणी काही म्हटलं की आधी "हव", म्हणजे हो, म्हणतात, मग ऐकतात. मी मावशींना आणि निळ्या डब्यात बसलेल्या खुरमीला (बर्फ काढला होता, झाकणही काढलं होतं) त्यांच्याकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी खुरमीला तपासलं, जंतांचं औषध दिलं आणि नीट समजावलं. डिस्टेंपर आणि पार्व्हो या दोन जीवघेण्या रोगांवरची एकत्र लस आज, तिचा पुढचा डोस काही आठवड्यांनी. रेबीजची लस खुरमी तीन महिन्यांची झाली की, आणि मग दर वर्षी. तोवर तिला रस्त्यावर सोडायचं नाही, आणि तिच्या दातांपासून जपायचं, कारण आई कोण, कुठली, ते माहीत नाही. इथवर मावशी माना डोलावत होत्या. मग डॉक्टर सहज म्हणाले, "बस दीदी. बाकी की इसको ज़रूरत नहीं है."

झालं. मी मावशींकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जुनी लढाई पुन्हा लागल्याचा आनंद पसरला होता. भिंतीवरच्या तक्त्यावर बाकीच्या लशींची नावं होती, त्या एकेकीवर त्यांनी बोट ठेवायला सुरुवात केली. ही खोकल्याची का नको? डॉक्टर म्हणाले, जे कुत्रे कुत्र्यांच्या वसतिगृहात राहतात त्यांना लागते. "अन् उद्या कोणाचा कुत्रा पाहुणा आला तर?" ही करोनाची का नको? "ये वो वाला नहीं है दीदी, ये पेट का है." "पोट तर हिलेही आहे." मग डॉक्टरांच्या हातून एक मोठी चूक झाली. समजावण्याच्या भरात ते बोलून गेले की डिस्टेंपरचा विषाणू माणसांच्या गोवराच्याच खानदानातला आहे. मावशी खुर्चीत सरसावून बसल्या. गोवर म्हणजे त्यांचं माहेर. "चुलत का सख्खा?" त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, चुलत. "मग गोवराच्या सुईसोबत आम्ही व्हिटॅमिन ए पाजत होतो, ते काहून नाही लिहिलं?" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी तक्त्यावरच्या कुत्र्याचे दात मोजू लागलो. लोक डॉक्टरांशी भांडतात ते जास्तीच्या सुया कशाला म्हणून. मावशी कमी का म्हणून भांडत होत्या. निघताना त्या मला गाडीत म्हणाल्या, "पोट्टा चांगला आहे. पण घर नाही म्हणणारं आहे."

दुसऱ्या दिवशी मावशी एकट्याच दवाखान्यात गेल्या आणि फक्त पाणी मागितलं. डॉक्टरांनी दिलं. मावशींनी ते सावकाश प्यायलं, दवाखाना किती स्वच्छ आहे असं म्हणाल्या आणि निघून आल्या. पुढच्या खेपेला त्या जिना चढून वर गेल्या आणि डॉक्टरांच्या आईचे गुडघे विचारले. गुडघे दुखतच होते. मावशींनी मोहरीचं तेल गरम करून स्वतः चोळून दिलं, सोबत कैरीचं लोणचं नेलं होतं ते ठेवलं, आणि सुईचा शब्द काढला नाही. त्याच्या पुढच्या खेपेला डॉक्टरांची आईच जिना उतरून खाली आली आणि भरल्या दवाखान्यात मुलाला म्हणाली, "दीदी कहत हे त लगा दे न, बेटा." एक म्हैस, दोन पामेरियन आणि त्यांचे मालक ऐकत होते. डॉक्टरांनी मला फोन केला. आवाज खचलेला होता. "सर, कॉलेज में ये नहीं सिखाया था."

शेवटी त्यांनीच शहाणपण केलं. तक्ता बाजूला ठेवून त्यांनी मावशींना विचारलं, खुरमी राहते कुठे, फिरते कुठे, खाली काय साचतं. मावशी म्हणाल्या, तलावाच्या अंगाला घर, पावसात अंगणात पाणी. उंदीर? "बाप्पा, उंदीर? आमच्या पाऱ्यात मांजरं उंदरांना रस्ता देतात." डॉक्टर गंभीर झाले. उंदरांच्या मुतानं पाण्यातून पसरणारा एक रोग असतो, लेप्टो, आणि अशा घरातल्या कुत्र्याला त्याची लस द्यायला हवी, ती पुढच्या डोसबरोबर देऊ, असं त्यांनी सांगितलं. तेलीबांध्याच्या फ्लॅटात असती तर कदाचित आग्रह धरला नसता, म्हणाले. कुत्र्याची गरज तक्त्यावर नसते, त्याच्या राहण्यात असते, हे मला तेव्हा कळलं. मावशींना त्यातलं एवढंच कळलं की घर हो म्हणालं. खोकल्याची आणि पोटाची त्यांनी उदार मनानं सोडून दिली. "पेंडिंग ठेवा," म्हणाल्या.

इथपर्यंत सगळी मजाच होती. पुढच्या डोसच्या दिवशी सकाळी खुरमीला घरीच जंतांचं औषध पाजायचं होतं. औषध तोंडानं द्यायचं, थेंब थेंब. मावशींना पोलिओचे रविवार आठवले नसते तरच नवल. तेव्हा थेंब पाजले की बाळाच्या डाव्या करंगळीच्या नखावर शाईची खूण करायची, म्हणजे कोणी राहून गेलं का ते पटकन दिसतं. खुरमीनं औषध गिळलं. मावशींनी मार्कर काढला, तिचा डावा पंजा मुठीत घट्ट धरला आणि कडेचं नख शोधू लागल्या. परक्यानं पंजा धरला असता तर खुरमी काय करती कोण जाणे, पण आपल्या माणसानं धरला म्हणून तिनं नुसतंच चावलं.

मी गाडी घेऊन गेलो तेव्हा मावशींच्या डाव्या अंगठ्याला पट्टी होती. "विळी लागली," त्या म्हणाल्या. दवाखान्यात खुरमीला दोन्ही सुया टोचून झाल्यावर डॉक्टरांचं लक्ष पट्टीकडे गेलं. त्यांनी मावशींचा हात हातात घेतला आणि पट्टी सोडली. शेजारी शेजारी दोन बारीक लाल टिंबं. विळीला दोन दात नसतात. "कब दीदी?" "सकाळी. नळाखाली साबण लावून खूप वेळ धुतलं मी. मले नाही माहीत का?" "हव. अच्छा किया. अब सीधे अस्पताल जाइए, आज ही." मावशींनी हात काढून घेतला, पदर सारखा केला आणि भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "ज़रूरत नहीं है."

 डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन साध्या शब्दांत सांगितलं. पिल्लाला रेबीज असण्याची शक्यता थोडीच, पण रस्त्यावरचं आहे, सांगता येत नाही. पिल्लावर नजर ठेवू, पण त्या नजरेवर विसंबून सुई थांबवायची नाही. हा रोग एकदा दिसला की मग कुणाच्याच हातात काही उरत नाही.  मी वळून पाहिलं तर मावशी खुरमीला डब्यात घालून गाडीत जाऊन बसल्या होत्या. गाडी बूढापाऱ्याकडे निघाली. रश्मी ऑफिसच्या कामानं बिलासपूरला गेली होती. तिनं फोनवरून "मौसी, प्लीज़ लगवा लो ना," म्हटलं तर मावशींनी "नेटवर्क नाही" म्हणून फोन ठेवला. हजारो लेकरांना टोचणारी ही बाई सुईला भिते, यावर मला हसू यायला हवं होतं. मला भीती वाटत होती.

आम्ही घरात शिरतो तोच स्कूटरवरून डॉक्टर आले. दवाखाना बंद करून आले होते. दारातच म्हणाले, "दीदी, थोड़ा पानी मिलेगा?" मावशींनी पाणी दिलं. ते सावकाश प्यायले. मग खुरमीचं कौतुक केलं, कान किती छान उभे राहायला लागलेत वगैरे. मग म्हणाले, "घुटने कैसे हैं?" मावशींनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "डॉक्टर, ये मेरा है." "हव दीदी. आपसे ही तो सीखा."

मग एकेक कारण निघू लागलं, आणि मला ती सगळी तोंडपाठ होती. "लेकरू लहान आहे," मावशी म्हणाल्या. "दुधाचे दात आहेत तिचे." मी म्हणालो, "पुढचं, मावशी." "आज अमावस्या आहे." मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. अमावस्या जवळपास कुठे नव्हती. "पंचांगात असते, त्यात नसते," त्या म्हणाल्या. मग, "मोठ्या माणसाले विचारून सांगते." आणि त्यांनी सवयीनं आतल्या खोलीकडे पाहिलं. आतल्या खोलीत कोणी नव्हतं. त्या घरातलं मोठं माणूस म्हणजे त्याच. डॉक्टर हसले, मी हसलो, मावशीही हसल्या, आणि हसता हसता त्या खाटेवर टेकल्या. खुरमी त्यांच्या पायाशी जाऊन बसली. बराच वेळ त्या तिच्या कानाशी खेळत राहिल्या. मग आवाज अगदी खाली आला.

"ताप आला तर पाहणार कोण, बापू?"

मला काय म्हणायचं ते मावशींनीच शिकवलेलं होतं. "मी येतो ना मावशी, संध्याकाळी पाहायला," मी म्हणालो. मावशी खाली मान घालून म्हणाल्या, "अन् धरायले? इतके वर्षं मी आपलं माणूस आल्याशिवाय सुई काढली नाही. आता माझी पाळी आली तर एकटीच जाऊन बसू का तिथे?" मी म्हणालो, "मी आहे की." "जवायानं धरायचं? लोक काय म्हणतील?" "म्हणतील, मावससासूला धरून राहिला." डॉक्टर उठून उगाच अंगणात गेले. मावशींनी डोळे पुसले, केस सारखे केले, कोपऱ्यातली कापडी पिशवी उचलली आणि माझ्या हातात दिली. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी मला काही उचलायला दिलं होतं. पिशवी हलकीच होती. मी ती दोन्ही हातांनी धरून गाडीपर्यंत नेली.

सरकारी दवाखान्यात सुईच्या खोलीत एक तरुण नर्स होती. मावशींनी आधी तिच्याकडून बाटली मागून घेतली, तारीख वाचली, फ्रिज कुठे आहे ते विचारलं, वीज गेल्यावर काय करता ते विचारलं. पोरगी हैराण झाली, पण सगळ्याची उत्तरं बरोबर आली. मग मावशींकडे विचारायला काही उरलं नाही. त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं आणि म्हणाल्या, "धरा." मी धरलं. त्यांचा हात एवढासा होता आणि साबणाचा वास येत होता. एक सुई जखमेभोवती, ती फार दुखते. मावशींनी मोकळ्या हातानं माझं मनगट असं आवळलं की त्यांच्या बांगड्यांची नक्षी माझ्या कातडीवर उमटली. मग दंडात. माझ्या शर्टात तोंड खुपसून त्या सगळं होईपर्यंत तशाच राहिल्या, आणि मीही त्यांच्या डोक्यावर हात ठेवून तसाच राहिलो. जावई म्हणून मला त्या घरात पुष्कळ मान मिळाला होता, पण आपलं माणूस म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा मला धरलं गेलं, असं मला वाटलं.

झाल्यावर मावशींनी पट्टी बांधलेला डावा हात नर्सपुढे केला आणि करंगळी ताठ धरली. नर्सला काही कळेना. मी खिशातलं पेन काढलं आणि त्या नखावर, कातडीलगत, शाईची एक खूण केली. मावशींनी ती उजेडात धरून पाहिली. "ठीक आली," म्हणाल्या. "फैलली नाही."

खुरमीला काही झालं नाही. पुढे तिला रेबीजची सुईही लागली. मावशींचे उरलेले डोस होते तेव्हा रश्मी परत आली होती. ती म्हणाली, "इस बार मैं चलती हूँ, मौसी." मावशी म्हणाल्या, "नको बाई. ज्यानं पहिल्या सुईले धरलं त्यानंच धरावं. नाहीतर लेकरू बुजते." सगळ्या डोसांना मीच गेलो, पिशवी घेऊन.

आता खुरमी मोठी झाली आहे. तलावाकाठच्या बायका तिला घाबरतात आणि ती मावशींना. तिला दर वर्षी काय लागतं आणि काय लागत नाही, यावर डॉक्टर आणि मावशी यांच्यात अजून पाणी पिऊन चर्चा होते. या हिवाळ्यात मावशींना खोकल्यानं धरलं, तेव्हा त्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की या वयात माणसांनीही एक-दोन लशी घेतलेल्या बऱ्या. काल मावशींचा फोन आला. मी विचारलं, "मावशी, कोणत्या लशी? नक्की गरज आहे का?" त्या म्हणाल्या, "गरज आहे का नाही ते बाई पाहून घेतीन. तुम्ही शनिवारी मोकळे आहात का, तेवढं सांगा." ऑफिसात सध्या बदल्यांचं बोलणं चालू आहे आणि मला परत महाराष्ट्रात पाठवणार, असं जवळजवळ ठरलं आहे. ते मी मावशींना अजून सांगितलेलं नाही. शनिवारी मोकळा आहे, एवढंच सांगितलं.